टॅप कुणाच्या हातानं मोडला

तात्या, आज सकाळी आमच्या दारात चिंचेखाली ट्रॅक्टर उभा करून त्याच्या इंजिनाच्या हेडाला भोक पाडलं आणि त्या भोकात आटे काढले. कुणी काढले ते सांगते, पण आधी जरा टेकते, कारण मनगटं अजून ठणकतायत आणि अक्षर तसंही कोंबडीनं उकरल्यासारखं. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. तुम्हीच म्हणायचा, पोरीला सही आली म्हणजे बास. सहीच्या पुढचं जे काही येतं ते आधी पोरांच्या आणि मग नातवंडांच्या अभ्यासाला शेजारी बसून आलं. ही वहीसुद्धा नातीची आहे. पुढच्या पानांवर तिनं दातेरी चाकांची चित्रं काढलीत, मागची पानं कोरी होती ती मी घेतली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की चेहरा आठवायला गेलं तर भिंतीवरचा फोटोच पुढं येतो, दुसऱ्याचा कोट मागून घालून काढलेला. हात मात्र खरे आठवतात. राखेनं घासले तरी नखातलं काळं न निघणारे, भाकरीवर ठसे उमटवणारे. आई म्हणायची, ह्यांच्या ताटातली भाकर कुत्रंबी पळवायचं न्हाय, डिझेलचा वास मारतो.

मी आज खूश आहे. हे आधीच लिहून ठेवते, कारण पुढं जे लिहायचंय त्यात ते दिसेल का नाही, सांगता येत नाही.

नात म्हणजे माझ्या थोरल्याची पोर. बारामतीला मशीनचा डिप्लोमा करते, शेवटचं वर्ष. वर्गात सगळी पोरंच, ह्या तिघीचौघी. उभ्यानं जेवते, चालता चालता केस बांधते, चपाती लाटली तर तिला कोपरे येतात, आणि बोलते इतकं भराभर की मला दोनदा विचारावं लागतं. पण हाताला नजर आहे तिच्या. मिक्सर बिघडला, पंखा अडला, शेजारणीची शिलाई मशीन धागा तोडायला लागली, की सगळे हिलाच हाक मारतात. लोकांच्या आज्या नातीला गजरा माळून बघतात. मी हिला पाना धरलेली बघते आणि मला आतून गुदगुल्या होतात. तिच्या आईला हे कळत नाही. ती म्हणते, "आत्याबाई, तुमी हिला लाडावून ठेवलंय, उद्या सासरी काय नटबोल्ट शिजवंल का?" मी म्हणते, शिजवंल, आणि मऊ शिजवंल.

गेल्या हंगामात झालं असं, की बावडा गावाच्या पुढं चढाला, मागं उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या, आणि ट्रॅक्टरचा पाण्याचा पाइप फुटला. पाणी गेलं निघून. तापमानाचा काटा तर आमच्या ट्रॅक्टरचा कधीचा मेलेला, ऊन असो थंडी असो, एकाच जागी उभा. थोरल्याला कळेपर्यंत इंजिन इतकं तापलं की हेड वाकलं. ऐन हंगामात ट्रॅक्टर दारात उभा, तोडलेला ऊस फडात वाळतोय, तोडकरी कोयते पुढ्यात ठेवून बसलेले. हेड घासून आणलं, बसवलं, पण गॅरेजवाल्यानं सांगून ठेवलं की हे मॉडेल आता बंद झालंय, हे हेड गेलं तर दुसरं मिळायचं नाही. तेव्हापासून पोरीच्या डोक्यात बसलं, की ह्याला सेन्सर लावायचा.

तुमच्या वेळी हे नव्हतं म्हणून सांगते. बोटाच्या पेराएवढा पितळेचा तुकडा असतो, एका अंगाला आटे, दुसऱ्या अंगाला वायर. इंजिनात रुतवून बसवला की आत किती तापलंय ते पुढं आकड्यात दिसतं, आणि जास्त झालं की पिपाणी वाजते. तुम्ही इंजिन किती तापलं ते बघायला हेडावर थुंकायचा. थुंकी चर्र करून उडाली की म्हणायचा, बंद कर, नायतर आता हे आपल्याला खाईल. हे मी नातीला सांगितलं तर ती म्हणाली, "म्हंजे पणजोबाच सेन्सर व्हते." हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. बघा, तुमच्या नावानं मी हसतेसुद्धा.

इंदापूरचा गॅरेजवाला म्हणाला की हेडाला कशाला भोक पाडता, पाण्याच्या रबरी पायपात जोड घालून तिथं बसवा. पोर म्हणाली, पाइपच फुटला आणि पाणीच राहिलं नाही तर पायपातला सेन्सर काय वारं मोजणार? हेडातला निदान बीडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, धग तरी सांगेल. गॅरेजवाला म्हणाला की मी हात लावणार नाही, आटे काढायचा टॅप आत मोडला तर माझ्या गळ्यात येईल. मग ही म्हणाली, मी घरी करते. थोरल्यानं तीन दिवस हो-ना केलं. शेवटी काल जेवताना म्हणाला, "कर. पर टॅप आत मोडला तर हेड गेलं, आन हेड गेलं तर ह्यो हंगाम तुझ्या नावावर." चेष्टेतच म्हणाला. पोर हसली, सून हसली. मी हातातला घास ताटात ठेवला. कुणाच्या तरी नावावर टॅप मोडणं म्हणजे काय, हे ह्या घरात मला एकटीलाच ठाऊक होतं. मी ते कधी कुणाला सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही, तो बिचारा गेला.

भिगवण रस्त्याच्या कडेला तुमचं पत्र्याचं शेड आणि त्याच्या मागच्या अंगाला आपल्या दोन खोल्या. मधे पोत्याचा पडदा. पंपाची इंजिनं बैलगाडीत घालून यायची, कधी दोन-दोन दिवस दारात पडून असायची, त्यांच्या खाली मांजरं व्यायची. सात-आठ वर्षांची होते तेव्हापासून मी पडद्याच्या त्या बाजूलाच जास्त. तुम्हाला मुलगा उशिरा झाला आणि तोवर मी होते. हे कडूपणानं म्हणत नाही, म्हणजे म्हणतेच, पण ते सुख खरं होतं ते कसं नाकारू? तुम्ही माझा हात तुमच्या हातात धरून टॅपच्या दांडीवर ठेवायचा. टॅप म्हणजे भोकात आटे कापणारं पोलादी हत्यार, बोटासारखं, पण काचेच्या जातीचं. वाकत नाही, मोडतं. आणि मोडलं की भोकाच्या आतच अडकतं, ड्रिलनं निघत नाही, कारण ते ड्रिलपेक्षा कडक. तुम्ही म्हणायचा, अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. पुढं जाताना कापतो, मागं येताना कीस मोडतो. कीस मोडला नाही तर तो आत साठतो आणि टॅपला आवळतो. बीडाला तेल नको. टॅप सरळ आहे का ते एकदा समोरून बघ, एकदा बाजूनं बघ, मग डोळे मिट आणि हाताला विचार. मला वाटायचं, दुनियेत सगळ्या गोष्टी अशाच होतात, अर्धा पुढं, पाव मागं. आईनं कणीक मळायला बसवलं तरी मी तशीच मळायची आणि मार खायची.

दहा वर्षांची असताना तुम्ही मला पितळेची डबी करून दिलीत, कुंकवाची, आट्याचं झाकण असलेली. झाकणाचे आटे मी कापलेले, डबीचे तुम्ही. ती अजून माझ्याजवळ आहे. तिच्यात मी मिसरी ठेवते. कुंकू ठेवावंसं वाटलं नाही पुढं, आणि टाकवतही नव्हती.

मग तो दिवस. तुम्हाला आठवत असेलच, तुम्ही तो इतक्यांदा सांगितलात. पण तुम्ही सांगायचा तसा तो झाला नाही, म्हणून मी आता एकदा सांगते, आणि तुम्ही मधे बोलू शकत नाही हे बरं आहे.

कळसच्या एका बड्या बागाईतदाराचं इंजिन आलेलं. विहिरीवरचं नवं इंजिन, हेडाच्या एका बोल्टाचे आटे गेलेले. तुम्हाला तिथं थोडं मोठं भोक घेऊन नवे आटे काढायचे होते. बागाईतदार स्वतः आलेला, बरोबर त्याचे तिघे जण, आणि आपल्या रस्त्यावरचे दोघे रिकामटेकडे. मी तेरा वर्षांची. शिवाशिव सुरू होऊन दोन-तीन महिने झाले असतील, त्या दिवशी मी बाहेर बसलेली होते, मागच्या खोलीत कोपऱ्यात, वेगळ्या तांब्यासकट. आई ओढ्याला धुणं घेऊन गेली होती. तुम्ही पडद्याआडून हाक मारलीत, "टॅपची पेटी दे गं." मी म्हणाले, तात्या, मी बाजूला हाय. तुम्ही म्हणालात, "लोकं खोळंबलीत, दे." मी दिली. पडद्याच्या फटीतून, हात लांब करून. तेवढीच मी पेटीला शिवले.

आणि मग मी फटीतून बघत बसले, कारण दुसरं करायला काय होतं? तुम्ही त्या बागाईतदाराला सांगत होतात की काटकोन बघायला आपल्या हाताला गुण्या लागत नाही, आपण डोळे झाकून आटे काढतो, पुण्याचे कारखानेवालेसुद्धा आपल्याकडं येतात. कुणी येत नव्हतं, तात्या. तो हसला तसे तुम्ही आणखी फुललात. आणि बोलता बोलता तुम्ही दांडी पुढं फिरवत गेलात. एक फेरा, दुसरा, तिसरा. मागं घेतलंच नाही. मला ओरडावंसं वाटलं, मागं घ्या म्हणून. पण बाहेर बसलेल्या पोरीनं पुरुषांत आवाज द्यायचा नसतो, हेही तुमच्याच घरातलं शिकलेलं. टॅप आधी कुरकुरला आणि मग गप्प झाला. गप्प होणं वाईट असतं. दांडी फिरते पण टॅप फिरत नाही, तो नुसता पीळ खातो. आणि मग ताटली फुटावी तसा बारीक आवाज.

दांडीला टॅपचा बुडखा लटकत होता आणि बाकीचा हेडात. तुम्ही हेडाकडं बघितलंत, मग बागाईतदाराकडं, आणि मग पडद्याकडं. मला तेव्हा वाटलं की तुम्ही आता मला हाक मारून म्हणाल, बघ, बोलण्याच्या नादात मागं घ्यायचं राहिलं, असं कधी करायचं नाही. खरंच असं वाटलं मला. तुम्ही म्हणालात, "आमच्या पोरीनं पेटीला हात लावला. बाहेरची हाय ती. हत्याराला चाललं न्हाय."

सहा पुरुष होते. सहाही जणांनी पडद्याकडं बघितलं. एक जण च्यच्य करून म्हणाला की लोखंडाला विटाळ लगेच कळतो. बागाईतदार म्हणाला, जाऊ द्या, तुमचा काय दोष? आणि तुम्ही मान हलवलीत. तुमचा काय दोष, ह्यावर तुम्ही मान हलवलीत, तात्या. मी पडद्यामागं आणि माझी अडचण रस्त्यावर.

त्यानंतर पेटीवर गोमूत्र शिंपडलं, लिंबू कापलं, आणि ती पेटी उंच फळीवर गेली. माझं शेडात येणं बंद झालं, बाहेर असो वा नसो. खंडेनवमीला हत्यारं पुजायची तेव्हा मला चुलीपाशी थांबायला सांगितलं. मी आईला म्हणाले, आई, त्यांनी मागं घेतलं नाही, मी बघितलं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, "बाप्याला चूक पचत न्हाय, पोरी. तू पचव." तिनं खरं मानलं माझं, एवढं तरी झालं. आणि दुसऱ्या वर्षी माझं लग्न लागलं, इकडं नदीकाठाला. शेडाची गोष्ट तुम्ही माझ्या सासऱ्यालाही सांगितलीत, हसत हसत, की आमची पोर जरा जड हाताची हाय, हत्यारापासनं लांब ठेवा.

ती पेटी ज्याच्यासाठी जपली त्या माझ्या भावानं ती भंगारात घातली. शेडाच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. त्याला मी काही म्हणत नाही, त्याला आटा आणि आटाचक्की ह्यातला फरक ठाऊक नव्हता.

पण माझ्यात जे राहिलं ते भंगारात घालता आलं नाही. घरात काही मोडलं की मी आधी दिवस मोजायची. कुऱ्हाडीचा दांडा मोडला, विहिरीची मोटर जळली, गाय आटली, की मी मनात बोटं मोजायची, आज कितवा? मी काल कशाला शिवले का? मला ठाऊक होतं की तुम्ही मागं घेतलं नव्हतं. डोळ्यांनी बघितलेलं. तरी मोजायची. माणसाला खरं ठाऊक असतं आणि तरी ते त्याच्या कामाला येत नाही, असं का होतं, तुम्हाला तिकडं कळलं असेल तर कळवा. चाळिशी उलटून पंचेचाळिशी आली आणि ते एकदाचं थांबलं, तेव्हा बायका म्हणतात अंग दुखतं, जीव घाबरा होतो. मला तर हलकं वाटलं. आता मोडलं तर माझ्यामुळं नाही.

तुमच्या शेवटच्या आजारात मी महिनाभर उशाशी होते. भाऊ त्याच्या कामात, भावजय माहेरी बाळंतपणाला गेलेली. चमच्यानं पाणी मी घालत होते, अंग मी पुसत होते. मी वाट बघत होते. मला माफी नको होती, बाप पोरीची माफी मागत नाही. नुसतं म्हणायचं होतं, की त्या दिवशी मागं घ्यायचं राहिलं. एवढंच. एका दुपारी तुम्हाला बघायला जुनी गिऱ्हाइकं आली, आणि तुम्हाला जरा तरतरी आली, आणि तुम्ही माझ्याकडं बोट करून म्हणालात, "हिनं आमचा टॅप मोडला व्हता. नुसती पेटीला शिवली आन टॅप मोडला." सगळे हसले. मी चमचा वाटीत ठेवला. तेव्हा मला कळलं की तुम्ही खोटं बोलत नव्हतात. तुम्हाला ते तसंच आठवत होतं. खोटं बोलणाऱ्यावर रागावता येतं. ह्याच्यावर काय करायचं?

तर आज सकाळी. थोरला सोमेश्वरनगरला गेलेला, पाव्हण्यांकडं, सून अंगणवाडीत. पोरीनं ट्रॅक्टरचं तोंड उघडलं, पाणी सोडून दिलं. हेडाच्या पुढच्या अंगाला, जिथं पाणी बाहेर येतं, तिथं बीडाचा जाड उंचवटा आहे, ती जागा तिनं खडूनं आखली. टोकदार पंचानं ठोका मारला. आधी बारीक ड्रिल, मग मोठं, दोन्हीला ग्रीस फासून, म्हणजे कीस आत न पडता ग्रीसला चिकटतो. हे तिनं कुठं बघितलं तर मोबाइलवर. मी पायरीवर लसूण सोलत बसलेली. भोक छान पडलं, गोल, स्वच्छ. मी मनात म्हणाले, वा गं माझी राणी.

मग तिनं टॅप लावला. हा टॅप निमुळता असतो, टोकाला बारीक आणि वर जाड, कारण सेन्सरचे आटे तसेच निमुळते, घट्ट होत होत बसतात आणि पाणी गळू देत नाहीत. त्यात एक मेख आहे, टॅप जास्त खोल गेला की सेन्सर घट्टच होत नाही, नुसता आत जात राहतो. म्हणजे मधे मधे टॅप काढून सेन्सर लावून बघायला पाहिजे. ते तिला ठाऊक होतं. पण मोबाइलमधल्या माणसानं टॅप मशीनला लावून सरळ आत घातलेला, तशी ही दांडी सरळ पुढं पुढं फिरवायला लागली. एक फेरा. दोन. माझ्या हातातली पाकळी तशीच राहिली. टॅप कुरकुरला. आणि मग गप्प झाला.

साठ वर्षांत मी तो गप्पपणा ऐकला नव्हता, आणि तो मला लगेच ओळखू आला.

"थांब," मी म्हणाले. "मागं घे."

"आज्जे, तू लसूण सोल. अजून दोनच फेरे हायत."

"मागं घे म्हणते न्हवं. पीळ बसलाय त्याला."

माझा आवाज काय निघाला कुणास ठाऊक, पोरीनं दांडीवरचे हात उचलले, चटका बसल्यासारखे. मी उठले. घमेलं पालथं घातलं, त्याच्यावर चढले, पदर खोचला. दांडीला हात लावला आणि मला खाली काही दिसेना. घमेलं डुगडुगलं. पोर म्हणाली, अगं पडशील. मी म्हणाले, घमेलं धर. आणि दांडी मागं घेतली, केसाएवढी. हलेना. पुन्हा, केसाएवढी. मग आत काहीतरी कट् करून सुटलं. टॅप मोडल्याचा नाही, कीस मोडल्याचा आवाज. त्या दोन आवाजांत अंतर किती आहे ते तुम्हाला आणि मलाच ठाऊक. सगळा टॅप बाहेर काढला, पुसला, ग्रीस लावलं, परत घातला. एकदा समोरून बघितलं, एकदा बाजूनं. आणि मग अर्धा पुढं, पाव मागं. तिचे हात माझ्या हातावर घेतले, तिलाही कळू दे म्हणून. दोन वेळा काढून सेन्सर लावून बघितला. तिसऱ्यांदा तो हातानं तीन फेरे गेला आणि घट्ट धरला. पान्यानं थोडा ओढला. बसला.

पोर माझ्याकडं भूत बघितल्यासारखी बघत होती. "आज्जे, तुला कुणी शिकिवलं?"

"माझ्या बापानं."

"आन तू आजवर सांगितलं न्हाईस?"

"कुणी इचारलं न्हाय."

बाकीचं मी तिला सांगितलं नाही. पडदा नाही, सहा पुरुष नाहीत. तोंडापर्यंत आलं आणि ती इतकी हरखून बघत होती की माझी जीभ वळली नाही. त्यामुळं आता तिच्या दृष्टीनं तुम्ही फार मोठे झालात. त्या काळात पोरीच्या हातात टॅप देणारा बाप! तिनं तुमचा फोटो उतरवून ओल्या फडक्यानं पुसला आणि मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून मैत्रिणींना पाठवला. घ्या. कष्ट माझे आणि हार तुम्हाला, हे तिकडं जाऊनही सुटलं नाही.

दुपारी थोरला आला. पाणी भरलं, इंजिन चालू केलं, आकडा हळूहळू चढत जाऊन एका जागी थांबला. त्यानं सेन्सरच्या कडेनं बोट फिरवलं, बोट कोरडं बघितलं आणि म्हणाला, "गळत न्हाय." त्याच्याकडनं एवढं म्हणजे पुष्कळ. पोर म्हणाली, टॅप अडकला होता, आज्जीनं सोडवला. तो हसला. त्याला चेष्टा वाटली. मी पायरीवर जाऊन बसले, मला ट्रॅक्टरचा आवाज ऐकायचा होता.

हा कागद कुठं पाठवायचा नाही आणि कुणाला दाखवायचाही नाही, लिहून झाला की वहीतून फाडणार आहे, कारण पोर आपली वही चाळते आणि खाली एक गोष्ट आहे ती तिनं वाचायला नको. तुम्हाला सांगायला हरकत नाही. उलट तुम्हालाच सांगता येईल अशी ती आहे.

सकाळी ती ड्रिल घेऊन बाहेर निघाली तेव्हा मी तिला स्वयंपाकघरात थांबवून हळूच विचारलं, तुझी पाळी तर नाही ना आज? ती म्हणाली, "हाय की, दुसरा दिवस. का गं, तुला पायजे का पॅड?" आणि हसत गेली. मीही हसले. पण टॅप अडकला तेव्हा, माझे हात दांडीवर आणि तिचे हात घमेल्याला, माझ्या मनात पहिलं आलं ते कीस नव्हे, पीळ नव्हे. तेच आलं. तिनं मागं घेतलं नव्हतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं, तरी तेच आलं. तो मोडला असता तर मी तिला बोलले असते, तात्या.